सहावी तार

मुंबईला लीलाधरभाऊंच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. कापलेलं छातीचं हाड डॉक्टरांनी सहा तारांनी बांधलं होतं, आणि एक्स-रेत त्या सहाही मोजून घेतल्यावरच भाऊ फैजपूरला परतले. पण कळ काही हटेना. कोयता उचलला की छाती ठणकायची.

"बाग बटाईनं देऊन टाका, भाऊ," भाऊबंद म्हणायचे. "तुम्ही आता बसून खायचे."

आज भाऊंनी हट्टानं, घड उतरलेल्या केळीच्या खोडावर कोयता घातला. खोड आडवं झालं आणि छातीतली सगळ्यात वरची कळ गेली. खोडाच्या गाभ्यात पीळ दिलेली, अंगासारखी कोमट तार होती.

दुसऱ्या खोडात दुसरी निघाली. पाचव्या खोडाला भाऊंचा हात पूर्वीसारखा चालत होता.

"पाहिलं? बसून खाणारा म्हणे," ते बायकोला म्हणाले.

बेबाबाईंच्या पदरात पाच तारा होत्या. "अहो, बसा आता," त्या हळूच म्हणाल्या. "अन् खोकू नका."

भाऊ हसले. त्या हसण्यासरशी सदऱ्याखाली काहीतरी कुरकुरलं, आणि समोरच्या उभ्या खोडातून, कोयता न लागताच, तारेचं टोक बाहेर येऊ लागलं.