हा बरा की हा?

"डोळे मीट आणि भिंतीकडे तोंड करून बस," चष्मेवाल्याने बायकोला फर्मावलं. "मी एकेक वाजवतो. कुठला बरा, तेवढंच सांगायचं."

बायको स्टुलावर उलटी फिरून बसली. पर्स मांडीवर घेतली, डोळे मिटले. वाद्यांच्या कारागिराने हातातला सरसाचा डबा खाली ठेवला. त्याच्याकडे लोक वाद्यं बघायला यायचे. भिंत बघायला आलेली ही पहिलीच बाई.

समोर व्हायोलिनच्या कुळातले सगळ्यात थोरले असे दोन डबल बास उभे होते, दोन्ही चष्मेवाल्यापेक्षा उंच. एकाची पुढची फळी अस्सल लाकडाची, पाठ मात्र प्लायवूडची. तो त्यांच्या ऐपतीतला होता. दुसरा पुढूनमागून अस्सल आणि किमतीला बरोबर दुप्पट. तो घेतला तर डोळे तपासायचं नवं यंत्र याही वर्षी दुकानात येणार नव्हतं. चष्मेवाल्याचा जीव अर्थातच त्याच्यावर जडला होता.

बारा वर्षं तो हौशी वाद्यवृंदात सगळ्यांच्या मागे उभा राहून एक नवशिक्यांसाठीचा, सबंध प्लायवूडचा बास वाजवत आला होता. येत्या कार्यक्रमात एका संथ रचनेची सुरुवात एकट्या बासची होती. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या अर्ध्या मिनिटात बाकी सगळे गप्प राहणार होते आणि तो वाजवणार होता. या सुखाने तो महिनाभर जमिनीपासून दोन बोटं वरून चालत होता. मग परवाच्या तालमीनंतर वृंदाच्या प्रमुख बाईंनी त्याला बाजूला घेतलं. बाई पूर्वी गणित शिकवायच्या आणि बोलायच्याही तशाच.

"तुम्ही वाजवता ते मला दिसतं," त्या म्हणाल्या. "ऐकू येत नाही. पुढच्या तालमीला ऐकू आलं नाही, तर तो भाग मी चेलोला देईन."

तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. दोष वाद्याचा, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. प्लायवूडच्या खोक्यातून आवाज येणार कुठून? हे त्याने बायकोला सकाळी चहाबरोबर, दुपारी गिऱ्हाईक नसताना आणि संध्याकाळी शटर ओढताना इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तीच म्हणाली, "चला, एकदाचा नवा घेऊन टाकू."

त्याने आधी ऐपतीतला वाजवला. तेच अर्ध्या मिनिटाचं काम. मग महागाचा हातात घेतला, अगदी अलगद, पाहुण्यांचं बाळ घ्यावं तसा. वाजवून झाल्यावर त्याने नेहमीच्या दुकानी आवाजात विचारलं, "हा बरा की मघाचा?"

"मघाचा," बायको म्हणाली.

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. "नीट ऐकलंस ना? दुसरा जास्त भरदार नाही वाटला?"

"ऐकलं हो. मघाचाच बरा."

आता तिच्या कानावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न आला. त्यावर त्याच्या धंद्यात एक हुकमी इलाज होता. गिऱ्हाईक काहीच्या बाही उत्तरं देतंय असा संशय आला, की तो काच काढल्यासारखं करायचा आणि तीच काच पुन्हा बसवून विचारायचा, "आता कसं?" गिऱ्हाईक खुशीत म्हणालं, "आता फारच स्पष्ट," की समजायचं, याचं काही ऐकण्यात अर्थ नाही. या इलाजाने त्याने भलेभले उघडे पाडले होते. बायकोवर मात्र तो अजून वापरला नव्हता.

"पुन्हा एकदा करू," तो म्हणाला आणि त्याने कारागिराला डोळा मारला.

त्याने ऐपतीतला बास वाजवला, जपून, एकेक सूर तोलत. मग बूट वाजवत चार पावलं तिकडे गेला, चार पावलं परत आला, महागाच्या बासला मुद्दाम कोपर लावलं, घसा खाकरला आणि पहिलाच पुन्हा उचलला. हसू दाबता दाबता त्याच्या नाकी नऊ आले होते. त्याच भरात त्याने धनुकली तारांवर टेकवली आणि ओढली. फळीवरच्या रंगाच्या बाटल्या किणकिणल्या. कारागिराने मान वर केली. शेजारचा शिंपी गळ्यातली टेप तशीच ठेवून कोण वाजवतंय ते बघायला दारात आला. चष्मेवाल्याचं सगळं लक्ष बायकोच्या पाठीकडे होतं. आता फसते की मग फसते, एवढंच त्याला दिसत होतं.

"बोल," तो म्हणाला. "पहिला की दुसरा?"

"दुसरा," बायको जराही न थांबता म्हणाली. "कितीतरी बरा. हाच घ्यायचा." तिने पर्स उघडून पैशांचं पाकीट बाहेरही काढलं.

चष्मेवाल्याने बास भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवले. बारा वर्षांत असा विजय त्याच्या वाट्याला आला नव्हता.

"सापडलीस," तो म्हणाला. "दोन्ही वेळा एकच वाद्य होतं. विचार यांना."

कारागिराने मान डोलावली, पण तो हसत नव्हता. दारातला शिंपीही हसत नव्हता.

"वाद्य तेच होतं, तेवढं कळतं मला," बायको डोळे न उघडता म्हणाली. "पहिल्यांदा तुम्ही नेहमीसारखे घाबरत वाजवत होता. दुसऱ्यांदा मला फसवायच्या नादात घाबरायचं विसरलात."