मास्तरांचं वेगळं मत

"ही बघ, ही अगदीच भिकार," खोक्यातून तिसरी रेकॉर्ड वर काढत काका म्हणाले. "गायिकेचा आवाज चांगला, पण मागे एवढा बँडबाजा कशाला? तसं मी लिहिलं, आणि तुझ्या बाबांनी चक्क मान्य केलं."

मास्तरांची मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती. वडिलांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्याकडच्या रेकॉर्डी पोचवायला ती परगावाहून आली होती, आणि आल्यापासून काका एकटेच बोलत होते. सांत्वन करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

दोघा मित्रांचा तीस वर्षं हाच शिरस्ता. काका प्रत्येक रेकॉर्डच्या दोन प्रती घ्यायचे. एक स्वतःला, दुसरी मास्तरांना, सोबत पत्रातून आपलं मत. मास्तरांचं उत्तर यायचं ते भांडतच.

"गेली पाच वर्षं मात्र सुधारला होता. मी चांगली म्हटली की चांगली, रद्दी म्हटली की रद्दी. म्हटलं, म्हातारपणी का होईना, कान तयार झाले याचे."



"काका, बाबांना पाच वर्षं ऐकू येत नव्हतं."

"कमी येत होतं?"

"अजिबात नाही. तुमचं पत्र वाचून उत्तर लिहायचे. तुम्हाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती आम्हाला. म्हणायचे, त्याला कळलं तर पत्रं बंद होतील."

काका हातातली रेकॉर्ड कव्हरात घालू लागले. ती नीट जाईना.

"छे," ते म्हणाले. "शेवटच्या पत्रात भांडलाय तो माझ्याशी. ती क्लॅरिनेटवाल्याची रेकॉर्ड. मी लिहिलं, एवढी निराशा आजवर कोणी केली नव्हती, दुसरी बाजू तर नुसती कंटाळवाणी. तर हा म्हणतो, दुसरी बाजूच खरी."

"ती मी ऐकली होती, माहेरी गेले होते तेव्हा. मला आवडली, म्हणून कागदावर लिहून सांगितलं बाबांना. इतके खूश झाले, जेवण टाकून पत्र लिहायला बसले."

त्या पत्राला काकांनी एकाच ओळीचं उत्तर धाडलं होतं. तुझे कान गेले की काय?

"माझं पत्र पोचलं होतं का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोचलं ना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मला वाचून दाखवलं आणि पुन्हा हसले."

तिची बसची वेळ झाली होती. ती चपला घालत असताना काका दारापर्यंत आले.

"काय आवडलं तुला त्यात? चाल? का वाजवण्याची ढब?"

"मला संगीतातलं काही कळत नाही हो. अगदी शेवटी, वाजवणं संपल्यावर, तो माणूस खोकतो. कोणी ते काढून टाकलेलं नाही. तेवढं आवडलं."

"तसं काही नाहीये त्यात."

ती कसंनुसं हसली. "येते, काका." जिन्यावरची पावलं खाली खाली गेली आणि थांबली.

काकांनी दार लावलं. खोक्यातून ती रेकॉर्ड शोधून काढली, दुसरी बाजू लावली आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोर बसले. ही बाजू त्यांनी दोनदा ऐकली होती. दोन्ही वेळा मध्येच सुई उचलली होती. ते त्यांनी मास्तरांना कळवलं नव्हतं.

आताही ती त्यांना कंटाळवाणीच वाटली. तरी ते उठले नाहीत. क्लॅरिनेट थांबलं, नुसती खरखर उरली. मग बंद खोलीत, अगदी जवळ, कोणीतरी खोकलं.

काकांनी हात पुढे केला आणि सुई जराशी मागे ठेवली.