टेकावरचा मासा

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कृष्णा गुडघ्याएवढीच उरली होती. आटपाडीच्या माळावर जन्म काढलेल्या सिद्धूनं त्याच वर्षी सांगलीजवळ नदीकाठचा मळा घेतला आणि अवजारांसाठी, हळदीच्या पोत्यांसाठी शेड बांधायला काढली. खाली ओल राहू नये म्हणून त्यानं कंबरभर पाया खणला, दगड भरले, वर मुरूम टाकून चार दिवस धुमसानं ठोकला. उंबऱ्याला एक सपाट दगड कमी पडत होता. तो त्याला गावामागच्या टेकावर उभा पुरलेला सापडला. त्याच्यावर मासा कोरलेला होता, म्हणून ती बाजू खाली करून त्यानं तो बसवला.

मिरगाला आठ दिवस असताना बायको तानुबाई लेकरं घेऊन शेडमध्येच राहायला आली.

शेजारच्या मळ्यातली साळूबाई बघायला आली, तेव्हा सिद्धू जोत्यावर थाप मारत म्हणाला, "हाडावानी कोरडं हाय बघा, आज्जी. उंबरा तर टेकावरचा हाय. टेकावर मासा कोरलाय, कोण येडा हुता कुणास ठावं."

साळूबाई हसली नाही.

"माझा सासरा," ती म्हणाली. "म्हापुराचं पाणी जितवर चढलं, तितं त्यानं खूण म्हणून मासा कोरला."

सिद्धूनं मान वर करून टेकाकडं बघितलं.

 

तो दगड त्यानं शेडच्या छपरापेक्षा दोन पुरुष उंचावरून खाली आणला होता.