दोन हात निळा

हॉटेलच्या मालकाने माझं चित्र भिंतीला टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. "काका, समुद्र निळा असतो. हा चहासारखा दिसतोय." "वादळाच्या दिवसांत गाळ वर येतो," मी पुटपुटलो. हा रंग सापडावा म्हणून मी महिनाभर धक्क्यावर भिजलो होतो. मालकाने माझ्याच रंगपेटीतली निळी ट्यूब पुढे केली. "दोन हात मारा, आत्ता लावतो." बायको कानाशी कुजबुजली, "अहो, मारा की. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तुमचं चित्र भिंतीवर लावतंय." मला कुणालाही नाही म्हणता येत नाही. मी झाकण उघडलं, बोटावर थोडा निळा रंग घेतला. मालक हसला. चित्रांवर मी आजवर सही केली नव्हती. कोण विचारणार, असं वाटायचं. गढूळ लाटांखाली, कोपऱ्यात, मी ठळक निळी सही केली. "झालं," मी म्हणालो, "आता नाही लावलंत तरी चालेल."