सांगायचं तेवढं राहिलं

साहेब बैलाच्या मागे वाकला तो वाकलेलाच राहिला.

"उसण भरली जनू सायबाला," गेनू म्हणाला.

सोपानराव दलालांनीही वाकून पाहिलं. त्यांच्या बगलेतली छत्री गळून पडली.

"गेन्या, खोंड होतं ना रे हे?"

"व्हतं की. मागल्या अमावस्येला खच्ची केलं. शिंगं तासली, तेल लावलं. बाजारात काढायचं जनावर असं उंडगं काढत्यात व्हय?"

सोपानरावांनी कपाळावर हात मारला. पुण्याहून मोटार करून आलेला हा साहेब ब्राझीलचा. मिनास जेराइस नावाच्या मुलखातला. गेले दोन महिने सोपानरावांनी तो मुलूख चाकणला एवढा सांगितला होता, की कांद्याच्या वखारीतले उंदीरही तिथं जाऊन आल्यासारखे बोलत. तिथल्या डोंगरांत म्हणे इतकं सोनं होतं, की कोंबड्यांच्या पोटातसुद्धा खड्यांऐवजी सोनं निघायचं. मग गोऱ्यांनी डोंगर पोखरले, सोनं संपलं. मग कॉफी आली. मग दूधदुभतं आलं. तांबडी माती, हत्ती बुडेल एवढं गवत. पण गोचिडांनी त्यांची विलायती गुरं पार पोखरलेली. म्हणून त्यांना आपलं वशिंडाचं जनावर हवं. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला, त्याचंही एवढं कौतुक त्या साली झालं नसेल.

आणि गेनूचं गीर खोंड म्हणजे लाखात एक. ते गेलं की गेनूच्या विहिरीवर इंजिन बसणार होतं. त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं, इंजिनासाठी विहिरीच्या काठी ओटाही सारवून ठेवला होता.

"अरे, त्याला नांगराला नको होता बैल!" सोपानराव ओरडले. "त्याला वंश वाढवायचा होता! गाईंच्या कळपात सोडायचा होता!"

"मंग सांगायचं न्हाई?" आता गेनूही तापला. "सोनं सांगितलं. कॉफी सांगितली. कोंबडीच्या पोटातलं सांगितलं. बैल कशाला पायजे, त्येवढं कवा सांगितलं?"

"बायामाणसांत कसं सांगणार रे ते!"

"आन् बोटीत म्हैनाभर गपगुमान उभा ऱ्हायला पायजे, आसं कोन म्हणलं? तुमीच ना? केला गपगुमान!"

कुशाबाई आंबोणाची पाटी घेऊन गोठ्याच्या दाराशी उभी होती. पाटी तिनं खाली ठेवली आणि ओट्याकडे पाहिलं. सकाळच्या सारवणावर कोंबड्यांचे पाय उमटले होते.

साहेब हळूहळू उभा राहिला. बैलाच्या फुगीर कपाळावरून त्यानं कितीतरी वेळ हात फिरवला. मग सोपानरावांकडं वळून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" गेनूनं विचारलं. "त्याला म्हणावं, नांगराला सरळ चालंल. लई गरीब झालाय."

सोपानरावांनी पडलेली छत्री उचलली. ती उघडून तोंडापुढं धरली.

साहेबानं हॅट काढून छातीशी धरली, मयताला आलेला माणूस धरतो तशी. बैल मान लांबवून गळ्यातली झेंडूची माळ खात राहिला.