दसऱ्याच्या आत

"पोरांना घरी पाठव," नंदकिशोर म्हणाला.

सुभाषच्या बैठकीच्या खोलीत बिल्डिंगमधली पोरं चटया टाकून बसली होती. वाशीच्या त्या नव्या बिल्डिंगमध्ये रंगीत टीव्ही एवढा एकच, आणि रविवारचा पिक्चर लागायला थोडाच अवकाश होता. सुभाषने नंदकिशोरच्या मागे उभ्या असलेल्या श्यामसुंदरकडे पाहिलं आणि काय ते समजला. पोरं कुरकुरत उठली. त्यात नंदकिशोरची मुलगीही होती. बापाकडे न बघता ती बाहेर पडली.

तिघेही एकाच ऑफिसातले. फ्लॅटचे पैसे भरायला तिघांनी मार्केटातल्या रावसाहेबांकडून व्याजाने रक्कम उचलली होती, एकमेकांना जामीन राहून. व्याज फुगायला लागलं तेव्हा नंदकिशोरनेच जाऊन बोलणी केली. दसऱ्याच्या आत तिघांचंही मुद्दल आलं तर चढलेलं व्याज रावसाहेब सोडणार होते. एकाचंही राहिलं तर तिघांनाही सगळं भरावं लागणार होतं. मग तिघांनी बसून ठरवलं, वर्षभर नवा कपडा नाही, हॉटेल नाही, पगार झाला की आधी रावसाहेबांचा वाटा बाजूला. श्यामसुंदरने सिगारेट सोडली. नंदकिशोरच्या बायकोने, सुमेधाने, गणपतीच्या आधी हातातल्या पाटल्या काढून दिल्या. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. सुभाष मात्र दर महिन्याला "होतंय रे, टेन्शन नको घेऊस" म्हणत राहिला.

दसरा परवावर आला होता. सुभाषचे चार हजार कमी होते.

त्याने अजून दोन दिवस मागितले. ऑफिसात एकाला विचारलंय, तो देईल म्हणाला. श्यामसुंदरने त्याला बोलूच दिलं नाही. कांदा-बटाट्याचा एक गाळेवाला टीव्हीचे चार हजार रोख द्यायला तयार आहे, त्याचा टेम्पो खाली उभा आहे, एवढंच त्याने सांगितलं. सुभाषचा चेहरा लाल झाला. माझ्या घरातली वस्तू परस्पर विकणारे तुम्ही कोण, म्हणून तो टीव्हीच्या आडवा उभा राहिला.

"आम्ही जामीन," नंदकिशोर म्हणाला. "हो बाजूला."

"नाही होणार. काय करशील?"

नंदकिशोरने त्याचं मनगट धरलं. दोघं एकाच टेबलावर डबा खाणारे, पण त्या क्षणी कुणी कुणाला ओळखलं नसतं. सुभाषने हिसका दिला तसा त्याचा खांदा भिंतीवर आपटला आणि कॅलेंडर खाली पडलं.

आवाज ऐकून सुभाषची बायको स्मिता स्वयंपाकघरातून आली. तिने नवऱ्याला हाताला धरून बाजूला केलं. मग नंदकिशोरसमोर उभी राहून, आवाज न चढवता, तिने सांगितलं की मे महिन्यात तिच्या वडिलांचं चिपळूणला ऑपरेशन झालं. पैसे तिकडे गेले. हे तुम्हाला सांगणार होते, मीच नको म्हटलं. लोकांकडे दयेची भीक मागायची नव्हती.

नंदकिशोरला हे ठाऊक नव्हतं. क्षणभर तो ढिला पडला. चहा तरी मागावा, बसावं, काही मार्ग काढावा, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण चार हजार कुठून आणायचे हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि घरी गेल्यावर दार कोण उघडणार हे माहीत होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "सुमेधाच्या हातात आज काचेच्या बांगड्या आहेत."

स्मिताने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तिने टीव्हीवरचा विणलेला रुमाल उचलून घडी केला, लाकडी शटर ओढून बंद केलं आणि अँटेनाची वायर आपल्या हाताने उपटून काढली.

"उचला," ती म्हणाली.

दोघांनी टीव्ही उचलला. प्रत्येक मजल्यावर माणसं दारात उभी होती. ती भिंतीला टेकून वाट देत होती. एकानेही विचारलं नाही, कुठे चाललात म्हणून. टेम्पोत गोणपाटावर टीव्ही ठेवताना नंदकिशोरचं बोट चेपलं आणि रक्त आलं. श्यामसुंदरने रुमाल पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैसे पोचले. रावसाहेबांनी तिघांचे कागद फाडले, हातावर पेढा ठेवला, आणि अशी जिद्द हल्ली बघायला मिळत नाही म्हणाले. सुभाष तिथे आला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी नंदकिशोर आपट्याची पानं घेऊन निघाला. श्यामसुंदरकडे सोनं दिलं, घेतलं, आणि मग बराच वेळ जिन्यात रेंगाळून सुभाषच्या दाराची बेल वाजवली. दार स्मिताने उघडलं. आत सुभाष पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"सोनं घ्या, वहिनी," नंदकिशोर म्हणाला.

तिने हात पुढे केला नाही.

"सगळं फिटलं, भावोजी?"

"फिटलं. तिघांचंही. एक पैसा राहिला नाही."

"बरं झालं," स्मिता म्हणाली. "मग आता आपलं काही देणंघेणं नाही."