रोज सकाळचा चहा

"माय हजबंड यूज्ड टू मेक टी फॉर मी एव्हरी मॉर्निंग!" एवढं ठसक्यात सांगून सुलभाताई खाली बसल्या.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या इंग्रजी वर्गात त्या दिवशी जोडीदाराच्या जुन्या सवयी सांगायच्या होत्या. शेजारी बसलेले त्यांचे यजमान खानोलकर दचकलेच. उभ्या संसारात त्यांनी चहाचं आधणसुद्धा ठेवलं नव्हतं. पण बायका टाळ्या पिटत होत्या आणि त्यांचे नवरे खानोलकरांकडे खाऊ की गिळू असे बघत होते.

"मग आता का सोडलंत, काका?" शिकवणाऱ्या पोरीने विचारलं.

"सोडलं कुठे? अजून करतो!" खानोलकरांची छाती आपोआप फुगली.

"मग उद्या फिरून येताना आम्ही सगळे तुमच्याकडेच!" वर्गाने जाहीर केलं.

घरी जाताना ते फणफणले, "धडधडीत खोटं बोललीस!"

"इंग्रजीतच बोलले ना! मराठीत थोडीच बोलले?"

सकाळी दूध उतू घालवून, बोट भाजून घेऊन त्यांनी रंगीत तालमीचा पहिला कप बायकोच्या हातात ठेवला. अंथरुणात बसूनच तिने घोट घेतला, डोळे मिटले.

"जमलाय हो," ती म्हणाली. "आता पुढच्या तासाला काय सांगू? भांडी घासायचात, की केर काढायचात?"